सहावी खिडकी

दवाखान्याच्या लाँचला खिडक्या सहा.
एक दुसरीसारखी नाही.
पत्रा कापणारा बामणोलीचाच होता,
सकाळी त्याचा हात एक, जेवण झाल्यावर दुसरा.
वीतभर रुंद, कुठं वीत आणि चार बोटं.

पहिल्या वर्षी वर्तमानपत्र लावलं, खळीनं.
बाकावर उताण्या पडलेल्या बायका
तपासणी होईपर्यंत बाजारभाव वाचायच्या:
राजापुरी हळद, गूळ, सोयाबीन.
लाटेच्या शिंतोड्यांनी कागद खालून सुटला
आणि धक्क्यावरची पोरं वाकायला शिकली.

मग साबण.
ओली वडी काचेवर आतून फिरवायची, वाळू द्यायची.
काच ताकासारखी होते,
उजेड येतो, नजर येत नाही. फुकटचं काम.
पण अनसूया शेलारचं धाकटं
आईची पाळी येईपर्यंत बसून कंटाळलं,
त्यानं बोटानं साबणात होडी काढली.
त्या होडीतून आतलं सगळं दिसायला लागलं.

मग उतेकर सिस्टरांनी साताऱ्याहून
जुने एक्स-रे आणले.
कुणाच्या तरी बरगड्यांमागून कोयनेचं पाणी हलायचं.
म्हाताऱ्या पायरीवरूनच माघारी.
एक म्हणाली, मला खोकला आहे,
पण एवढा नाही.

शेवटी मी सुतळीला गाठी मारून मापं घेतली,
मेढ्याला मुलाणी टेलरकडं गेलो.
सुतळी बघून तो म्हणाला, बाहुलीचं लग्न आहे का?
सिस्टरांनी आपलं पातळ दिलं होतं,
धुऊन धुऊन विरलेलं, मोतिया.
मी सांगितलं, नेफा वर एक, खाली एक,
दोन्हींत तार घालायची.
नुसता वरून टांगला तर लाँच कलली की
पडदा भिंत सोडतो.
आणि लाँच कलतेच.

पाच झाले, पातळ संपलं.
सहावी खिडकी माझ्या पाठीमागं, सुकाणूच्या खोलीत उघडणारी.
सिस्टर म्हणाल्या, तुमच्या पाठीला कशाला पडदा?

दिवसा मी धक्क्यावर उभा राहून पाहिलं.
काही दिसत नव्हतं. मला बरं वाटलं,
जणू पातळ मीच विणलं होतं.

मार्गशीर्षात, रात्री,
पल्याडच्या वाडीवरून सुभद्रेला झोळीतून आणली.
आत दिवा लावला
आणि पडदा फितूर झाला.
उजेड आत गेला की असंच होतं, हे मला ठाऊक नव्हतं.
पाचही खिडक्यांत सिस्टरांचे हात, वर केलेले गुडघे,
खाली पाण्यावरही तेच, मोठं होऊन, हलत.

काठावर सोबत आलेले सतरा-अठरा पुरुष.
त्यांतले दोघे धक्क्यावर वाकणारे, मी ओळखले.
कुणी काही बोललं नाही.
भिवाजी, तिचा सासरा,
त्यानं खांद्यावरची घोंगडी काढली,
टपाच्या कडीला गाठ मारून बाहेरून सोडली.
मग एकाचा टॉवेल. एकाचं जर्किन.
वाकणाऱ्यांतल्या एकानं शर्ट काढला,
त्या थंडीत, आणि बाही खिळ्याला अडकवली.
पाच खिडक्या झाल्या.

मी इंजिन सुरू केलं.
अर्ध्या पाण्यात आल्यावर बघतो तर
समोरची काच काळी
आणि तिच्यात, सहाव्या खिडकीतून आलेलं,
मागचं सगळं.
साबण लावावा तर वाट दिसणार नाही.
दिवा मालवा म्हणावं तर कसं म्हणावं?
मी बाजूची झडप उघडली,
डोकं बाहेर काढलं
आणि बामणोलीच्या दिव्यापर्यंत तसाच आलो.
कान बधिर. डोळ्यांतून पाणी, वाऱ्याचं.
पाऊण तास इंजिनाशिवाय काही ऐकू आलं नाही,
मग इंजिनाहून बारीक काहीतरी ऐकू आलं.

मुलगी, सिस्टर म्हणाल्या.
मी बरं म्हटलं.
वळून नाही म्हटलं.