चमचा

सिदोनीच्या मांडणीवर अजून तो चमचा आहे,
पत्र्याचा, देठाशी वाकलेला.
पिंपातली पांढरी पूड,
एका केळीला एक,
बुंध्याभोवती गोल, हलक्या हाताने,
जशी रांगोळी सोडतात.
हातमोजे नव्हते. मुकादम म्हणाला होता, औषध आहे.
मार्तिनिकमध्ये तेव्हा सगळेच औषध म्हणत.
दुपारी ओढ्यात हात खळबळून
ती त्याच हाताने भाकर मोडायची.

आता प्रयोगशाळेचा कागद आलाय.
कोनफळ नको. काकडी नको.
अंगणात उकरत फिरणाऱ्या कोंबडीचं अंडं नको.
नीरफणस चालेल, तो उंच लागतो,
मातीतलं तिथवर चढत नाही.

खाली खाडीच्या तोंडाशी पाटी.
अनिसेची होडी पालथी,
तिच्या सावलीत कुत्री झोपतात.
शेवंडी मात्र माजल्यात तिथे,
कुणी धरत नाही म्हणून.

‘किती वर्षं?’
कागद आणणारी पोरगी चाचरली.
शतकं लागतील, म्हणाली,
आणि उगाच पेनाचं टोपण लावत बसली.

सिदोनी उठली. कुदळ घेतली.
परसातल्या केळीचा कंद फोडला.
आत सोंडकिडा, काळा, तुकतुकीत,
ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो,
पाय आखडून मेल्याचं सोंग घेतलेला.

तिने त्याला चमच्यात घेतलं
आणि वाट पाहिली.

पोरगीही बघत राहिली.

मग तो हलला,
सोंड पुसली,
आणि दांड्यावरून चालत निघाला
तिच्या अंगठ्याकडे.