चौदा गाद्या

ती येणार म्हणून आदल्या दिवशी मी घर आवरलं.
यात हसण्यासारखं काही नाही.
भांडेवाली यायच्या आधी भांडी विसळून ठेवणाऱ्या बायका
आमच्या त्रिमूर्तीनगरात घरोघरी आहेत.

प्रणोती हेडाऊ. असेल तिशीची.
स्कूटीवर मार्कर, चिकटपट्ट्या, घडीचे खोके.
घर लावून देते, ताशी साडेतीनशे.
ह्यांना ताशीचं बोलले नाही,
म्हटलं, भावजयीच्या ओळखीतली पोरगी आहे.

"काकू, नोकरीत काय करत होत्या जी तुम्ही?"
आरएमएस. नागपूर स्टेशनावर टपाल छाटत होते,
एकतीस वर्षं, निम्म्या रात्रपाळ्या.
पत्ता अर्धा वाचला की हात आपोआप खणाकडे:
इटारसी, बल्लारशा, बिलासपूर, वर्धा.
तिनं खोलीभर एकदा पाहून घेतलं
आणि काही बोलली नाही.
चांगल्या घरची आहे.

ठेवायचं. द्यायचं. माहीत नाही.
असे तीन ढीग, म्हणाली.
बारा वाजेस्तोवर तिसरा माझ्या कमरेला लागला.
कूलरची मोटर, जी अजून चालते म्हणतात.
एकाच लग्नात आलेली तीन घड्याळं.
संत्रा बर्फीचे नऊ रिकामे डबे,
रिकामे म्हणजे एकात बटणं, एकात कुकरच्या जुन्या रिंगा,
एकात काय आहे ते मलाही बघायचं नव्हतं.
"शेवटचं कधी वापरलं?"
इतक्या हळू विचारते
की खोटं बोलायची लाज वाटते.

आमच्याकडे या ढिगाला नाव होतं, अपुरा पत्ता.
तो पुढे ज्या ऑफिसात जायचा
तिथं पाकीट फोडायची परवानगी असे.
मला नव्हती.

मग तिनं दिवाण उघडला.
"घरात माणसं किती जी?"
दोन.
तिनं पुन्हा मोजून पाहिल्या. चौदाच.

मी सांगत सुटले. मे महिना, गच्ची,
दिवेलागणीला पाण्याच्या बादल्या ओतायच्या,
सिमेंट कसं चरचरायचं,
नणंदा भंडाऱ्याच्या, दीर उमरेडचे, त्यांची पोरं,
कठड्याकडची गादी कोणाची यावरून रोज भांडण,
पहाटे वारा सुटला की एका चादरीत तिघं.
मग ज्याच्या त्याच्याकडे एसी लागला
आणि दारं लावून घ्यावी लागली.
गाद्या मी तरी पिंजून घेत राहिले,
दर दोन वर्षांनी, कोणी न झोपलेल्या.

पाकिटावर आम्ही शेरा मारायचो:
पत्त्यावर कोणी राहत नाही.
इथं मी पत्त्यावरच आहे बापा,
टपाल येत नाही.

जेवलो. बाहेर सेहेचाळीस होतं.
पन्ह्याचे पेले धुऊन आले तर
सहा गाद्यांच्या थप्पीवर ती झोपलेली,
हातात मार्कर, टोपण उघडं,
वरच्या गादीवर एक निळी रेघ.
रात्री तीन वाजता टपालाच्या थैल्यांवर
मीही अशीच पडायचे.
टोपण लावलं. कूलर तिच्याकडे वळवला.
तेवढ्या वेळात तिसऱ्या ढिगातल्या
कुकरच्या रिंगा तेवढ्या फेकल्या.
बाकी काही जमलं नाही.

उठली तशी गडबडली. किती वेळ झाला?
पाच मिनिटं, म्हटलं.

संध्याकाळी अकरा गाद्या टेम्पोत चढल्या,
मेडिकलला, पेशंटसोबत येतात
आणि व्हरांड्यात झोपतात त्यांच्यासाठी.
तीन ठेवल्या. हे म्हणाले, तिसरी काऊन?
निळ्या रेघेची कोणाला द्यायची, म्हटलं.

बिल दिलं तिनं. सहा तास.
खाली बारीक अक्षरात:
वजा चाळीस मिनिटं, गादी.

पैसे पूर्ण दिले. वाद झाला थोडा.
बिल बर्फीच्या डब्यात ठेवलंय.
डब्यावर तिच्याच हातचं लेबल आहे,
रिकामा.