चुकीच्या महिन्यातली दुर्बीण

दुकानातल्या खोक्यावर शनी होता,
ताटाएवढा, केशरी, कडी घासूनपुसून लख्ख.
खाली ठळक अक्षरांत: पाचशे पंचवीस पट!
चौतीस वर्षं मी कायानीच्या उत्तरेला टपाल वाटलं;
खोक्यावर काय छापलंय आणि आत काय आहे
यातला फरक मला हातानं कळतो.
उचललं. हलकं लागलं.
तिकाटण्याला टिचकी मारली
तर शनीच्या आधी तेच गरगरलं.

एन्सिओ म्हणाला, पट विसर.
(हा शाळेत सुतारकाम शिकवायचा. आता दर गुरुवारी
वाचनालयाच्या तळघरात पाच म्हातारे आणि एक मुलगी
आकाशावरून भांडतात, त्यांचा म्होरक्या.)
पट काय, कुणीही वाढवेल. लोणी तेवढंच,
पाव लांबवत गेलीस तर शेवटी कोरडा पावच उरतो.
तोंड बघ, नळीचं तोंड.
उजेड थेंबथेंब गळतो वरून,
बादली रुंद हवी.

तळघरात मग डोक्याला डोकं भिडलं.
एक म्हणाला, आधी साधी द्विनेत्री घे, वर्षभर मान मोडून बघ.
एक म्हणाला, मोटरवाली घे,
बटण दाबलं की तारा आपणच शोधते.
मी म्हटलं, घरं शोधायची मला सवय आहे,
पाटी नसलेलीसुद्धा.
तेव्हा ती मुलगी, हिल्ला, निळ्या नखांची,
वहीतून मान वर न काढता बोलली:
उणे वीसमध्ये, रात्री अकराला,
जी उचलून अंगणात नेणार नाही
ती घेऊ नका.

घरी आले. बटाट्यांचं पोतं सतरा किलोपर्यंत भरलं,
छातीशी धरून बर्फाळलेल्या तीन पायऱ्या उतरले, चढले.
गुडघे हो म्हणाले.
कंबर म्हणाली, उद्या सांगते.

सहा इंची आरसा,
लाकडी बैठकीवर फिरणारी जाडजूड नळी,
दिसायला थेट पाण्याचा बंब.
ती आली मेच्या चोवीस तारखेला.
माझ्या जागी लागलेला नीलो धापा टाकत घेऊन आला,
पेन पुढे करून म्हणाला, सही.
जन्मभर मी लोकांपुढे पेन धरलं होतं.
माझंच नाव मला वाकडं आलं.

त्या रात्री अंधार पडला नाही.
पडणारच नव्हता.
बासष्ट उन्हाळे इथेच काढलेत मी,
मध्यरात्री कुंपणं रंगवलीत,
आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही? माझ्याच.
एन्सिओला फोन केला. तो इतका हसला
की पुढचं त्याच्या बायकोशी बोलावं लागलं.

जूनभर मग तळ्यापलीकडचं मासेमार गरुडाचं घरटं पाहिलं.
उलटं. आरशाची नळी सगळं उलटंच दाखवते.
पिल्लं आभाळाला लोंबकळत मासे खायची,
आई खालून वर उतरायची.
जुलैत त्यातलं एक उडालं.
मी उगाच खाली बघितलं.

ऑगस्ट सरता सरता, सौना विझवून,
ओल्या केसांवर लोकरी टोपी घालून बाहेर पडले.
आरसा तासभर आधीच गारव्यात ठेवला होता,
हिल्लानं दटावलं होतं तसा.
दक्षिणेला, ऐनोच्या गोठ्याच्या कौलांवर,
एक न लुकलुकणारा ठिपका.

तीळ.
ताट नव्हे, केशर नव्हे. फिकट पिवळा तीळ,
आणि त्याला आरपार एक कडी.
कुणी काढून चिकटवलाय की काय म्हणून
मी नळीच्या तोंडात डोकावून आले.

तो थांबत नव्हता. डावीकडून निघून
उजव्या कडेला बुडायचा,
मी नळी केसभर ढकलायची, तो परत यायचा.
पृथ्वी फिरते हे दुसरीत पाठ केलं होतं.
आता ते तळहाताला लागत होतं,
दार ढकलताना पलीकडे कुणी असावं तसं.

डासांनी दोन्ही घोटे फोडून काढले होते.
कंबर आत्ता उत्तर द्यायला लागली होती.
अजून एकदा, म्हटलं,
आणि ढकललं.