साबणाचं पाणी

सोमवारी शिरोली गप्प असते.
भट्टी थंड, मोल्डिंगची काळी वाळू
बसल्या म्हशीसारखी कोपऱ्यात,
आणि अख्ख्या शेडमध्ये एकटाच जागा
आमचा कॉम्प्रेसर,
मी मुद्दाम चालू केलेला.

त्याला विचारलं, बाबा, आज कामावर कुणी नाही,
तू कुणासाठी धापा टाकतोस?

उत्तर छताकडनं आलं.
फुस्स.
मग ग्राइंडरच्या ओळीतनं, बारीक,
दातात बडीशेप अडकल्यावर माणूस करतो तसं.
मग कुठून कुठून.
बावीस वर्षं मी इथला फिटर,
आणि हे पाइप आपसात एवढं कुजबुजतात
हे मला माहीत नव्हतं.

शनिवारी श्रेणिकनं लॅपटॉपवर दाखवला
परदेशी गिऱ्हाइकाचा फॉर्म.
पंपाच्या किलोभर कास्टिंगमागं
कार्बन किती सोडता?
आणि शेवटच्या रकान्यात:
निव्वळ शून्यावर कधी येणार?
मी म्हटलं, मालक, आमच्यात शून्य म्हणजे
गेजचा काटा पडला, लाइन मेली,
आणि दस्तगीरच्या नावानं बोंब.
तो हसला. म्हणाला, छतावर सोलर घालायचंय,
कर्जाची फाइल बँकेत पडलीय,
तोवर काय करता येईल बघा की.

तोवर.
घरनं बादली आणली, धुण्याचा साबण,
शबानाचा चित्रकलेचा जुना ब्रश.
शिडीवर चढून एकेका जॉइंटला फेस लावला
न्हाव्यानं गालाला लावावा तसा.
जिथं जॉइंट खोटं बोलत होता
तिथं फुगा आला.
गोल, हलता, त्यात शेडची खिडकी वाकडी दिसायची.
पुसला. परत आला.
शेजारी खडूनं एक शून्य काढलं
आणि शिडी पुढं सरकवली.

एक्केचाळीस शून्यं.
मोहरीएवढी, दाभणाच्या टोकाएवढी,
एक तर एवढं मोठं, की कुणीतरी कधीकाळी
त्यावर चिंधी आवळून वेळ मारून नेलेली.
गाठ बघितली.
माझीच होती.

टेप, क्लॅम्प, चार नव्या नळ्या,
दोन कॉक, जे बंद करायचं कुणाला कधी सुचलं नाही.
बिल ऐकून श्रेणिकला वाटलं
मी एक शून्य सांगायचं विसरलो.

गुरुवारी रात्री दोनला फोन.
नाइटचा संभा, आवाज कापरा:
दस्तूभाई, कॉम्प्रेसर मेला! या लगोलग!

हायवेच्या कडेला कुणीतरी पाचट पेटवलेलं,
राख उडून चष्म्यावर बसली.
एकच वावर तेवढं काळं झालं नव्हतं,
पाचट सरीत तसंच अंथरलेलं,
गोधडी घालून निजल्यासारखं.
कुणाचं ते कळलं नाही. हॉर्न वाजवावासा वाटला.

पोचलो तर जेवणाची सुट्टी.
पोरं डबे उघडे टाकून
यंत्राभोवती उभी, मयताला जमतात तशी.
मी काट्याकडं बोट केलं.
सात किलो. टाकी गच्च.
मेला नाही रे, बसलाय.
हवा कुठं गळेना, कुणी मागेना,
मग तो उगीच पळेल कशाला?

संभानं टाकीला कान लावला.
याआधी कधी बसला होता का?
नाही म्हटलं. त्याला बसूच दिलं नाही आपण.

त्या शांततेत कुणीतरी भाकरी मोडली
आणि ती मोडल्याचं ऐकू आलं.

भट्टी मात्र तशीच.
लोखंडाचं पाणी करायचं तर ती वीज मागणारच,
आणि ती वीज कुठल्यातरी लांबच्या कोळशातनं येते,
तिथवर माझी शिडी पोचत नाही.
श्रेणिकला तसंच सांगितलं.
शेवटचा रकाना आत्ता रिकामा ठेव म्हटलं,
उगीच शून्य ठोकू नको,
शून्य काढायला किती वेळ लागतो
ते मी मोजलंय.

आज परत सोमवार.
सतरा नंबरच्या जॉइंटला नवा फुगा आलाय.
खाली शिडी धरून संभा उभा,
सुट्टी सोडून, वर बडबड करत.
चहा माझ्याकडं लागला.