पाणी कुठवर

चौतीस वर्षं मी विजेच्या मीटरचे आकडे उतरवले.
सुतारवाड्यापासून दुधाळीपर्यंत
कुणाचा मीटर कुठल्या भिंतीवर, हे झोपेतही सांगेन,
आणि एकोणीसच्या पुरानंतर
कुणी तो किती वर उचलला, तेही.

म्हणून यास्मिन बागवाननं मला धरलं.
पूररेषा कुठल्या मोजमापावर आखली, एवढंच तिनं विचारलं होतं.
अकरा महिन्यांनी कागद आला:
‘सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’
काका, ती म्हणाली, मग आपणच करू की संकलित.

प्रश्न एकच ठेवला.
पाणी कुठवर आलं होतं?

फोनवर फोटो यायला लागले.
कपाटाच्या दारावर पेन्सिलीची रेघ.
टेप धरून उभा नातू, टेपचं दुसरं टोक आजोबाच्या चपलेखाली.
जामदार क्लबाकडनं कुणी लिहिलं,
शेगडी बुडाली, कुकर तरंगला.
बापट कॅम्पातनं तुकाप्पा कुंभाराचा निरोप:
माळ्यावरची मूर्ती, बेंबीपर्यंत.
यास्मिन गेली, माळा मोजला, बेंबी मोजली,
बेरीज करून वहीत घातली.
एका बाईंनी नुसतंच कळवलं,
‘आमच्या ह्यांच्या फोटोला लागलं नाही.’
तिथं आम्ही दोघंही गेलो.
खिळ्यापर्यंतची उंची घेतली. चहा घेतला.

नाही म्हणणारेही भेटले.
‘निळ्या रेषेत गेलो तर बँक दारात उभी करंल का?
तुमचं काय जातंय मोजायला?’
दार लागलं.
मी जिन्यातच जरा थांबलो. काही बोललो नाही.

सहाशे तेरा आकडे.
राजाराम बंधाऱ्याच्या फुटांशी ताडून
नकाशावर ठिपके टाकत गेलो, तर ठिपके
सरकारी रेषेवर थांबायलाच तयार नाहीत.
रस्ता ओलांडून, पेट्रोल पंपाला वळसा घालून
थेट त्या नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये,
जिच्या फलकावर लिहिलंय: ‘नदी, पण लांबून’.

सुनावणीला साहेब निघाले शांत माणूस.
आरडाओरडा नाही, चष्मा पुसला,
यादीवरून बोट फिरवत खालपर्यंत आले.
म्हणाले, ह्या बोळात घरं चौदा,
आकडे तेरा.
राहिलं ते कुणाचं?

यास्मिन माझ्याकडं बघत नव्हती.
तिला माहीत होतं म्हणजे. कधीपासून?

पोराला पुण्यात फ्लॅट घ्यायचाय.
गिऱ्हाईक शुक्रवारी येणार.
दिवाळीत मीच रंगारी बोलावून
सोप्याला दोन हात मोतिया मारून घेतलेला,
वर म्हणालो होतो, ओल आली होती जरा.

रात्री जुना स्क्रू ड्रायव्हर काढला.
रंग पापुद्र्यानं सुटत गेला, माझ्या बनियनवर, भुवयांवर.
खाली सापडली ती खाच:
चिखल धुवायच्या आधी हिनंच खिळ्यानं कोरलेली,
शेजारी तिच्या हातचं
‘इथवर’.

ही मागं टॉर्च धरून उभी.
जरा वर धर, म्हटलं, आकडा दिसंना.
पाच फूट सात.
सवयीनं मोठ्यांदा वाचला, जसा दारोदार वाचायचो,
आणि ती लिहून घेता घेता म्हणाली,
शुक्रवारी त्यांच्यासाठी पोहे करायचे,
का नुसताच चहा?