पाणलवंग

फॉर्मला सात रकाने.
सहा मी पाळीवर उभ्यानंच भरले.
गाव, तलाव, गट नंबर,
झाडाची उंची, फुलाचा रंग,
सापडलं ती जागा: तुडुमाच्या डावीकडे, घोटाभर पाणी,
त्याखाली रुतेल तेवढा चिखल.

सातवा : उपयोग.

पुस्तकलाबाई मारबते जाळं झटकत होती.
"कायले पाह्यजे उपयोग?
ढोरं तोंड लावत नाईत. भाजी होत नाई.
मासोळी बसते बुडाशी, दुपारच्याला."
मी लिहायला घेतलं
तर म्हणाली, "तेही नको लिहू.
बसली तर बसते."

लालसर देठ. चार पिवळ्या पाकळ्या,
बोट पोचायच्या आत सुटणाऱ्या.
नऊ वाजता फूल,
बाराला नुसती लवंग उरते,
जिला वास नाही, तिखटपणा नाही,
फोडली तर तळहातावर
तंबाखूच्या चुऱ्यासारखं बी.

"निरंगा पानवाली व्हायची अन् मी गिऱ्हाईक,"
जाळ्यातला शेवाळाचा गुंता काढत ती म्हणाली.
"कमळाच्या पानाचा तुकडा, त्याले ही लवंग टोचलेली.
दोन शिंपल्याले एक विडा.
एकदा म्या खरीच गिळली.
निरंगा लागली रडाले,
तुह्या पोटात आता तलाव होईन म्हने."

मग?

"पाच लेकरं झाली. तलाव नाई झाला."

वैशाखात मशीन आली.
तलाव खोल झाला, काठ भिंतीसारखे सरळ.
पाणी आता एकदम सुरू होतं,
घोटाभर असं कुठंच नाही.
भादव्यात गेले तेव्हा तुडुमापाशी
एक बगळा उभा होता, तोही सिमेंटवर.

सातवा रकाना कोराच.
तसाच पाठवावा म्हणून पाकीट आणलं,
तर रात्री फोन. ती कधी करत नाही फोन.

गाळ गेला होता वलथऱ्याच्या वावरात,
आणि मिरचीच्या वाफ्यात, रोपांच्या मधोमध,
हीच, लाल देठाची, दाट.
तो कवळ्यानं उपटून बांधावर फेकत होता, शिव्या देत.

"म्या म्हनलं, एक वाफा राहू दे.
तो म्हने, कायले?"

तुम्ही काय सांगितलंत?

"लवंग हाये म्हनलं, बापू.
विड्याले लागते."