पदीआत्याचा खडा

रबाळ्याच्या कारखान्यात मी मोरचूद तपासते.
रोज सात नमुने. गोणीवर द्राक्षांचा घड छापलेला,
खाली बारीक अक्षरांत:
पोटात घेऊ नये. डोळ्यांपासून दूर ठेवावे.

हे वाचून दाखवलं तेव्हा पदीआत्या हसली.
घणसोलीत सेक्टरला नंबर पडायच्या आधी
ती बापाबरोबर मिठागरात मीठ ओढायची.
पांढऱ्या उन्हाने आधीच चुरचुरणारे डोळे,
त्यात खुपऱ्या. दर मंगळवारी
कळव्याच्या दवाखान्यात पोरांची रांग
आणि रणदिवे कंपाउंडर, त्याच्या हातात
पेन्सिलीसारखा तासलेला खडा.
अंगठ्याने पापणी उलटी करायचा,
खडा एकदा इकडून तिकडे,
"झालं, झालं" म्हणायचा, अजून झालेलं नसताना.
त्याचे हात गार असायचे, हे तिला पक्कं आठवतं.
खड्याचा रंग नाही आठवत.
तेव्हा डोळे उघडे कुणाचे होते?

वैद्यांच्या खलातही हाच.
विष पोटात गेलं की उलटीला हाच,
इसबाला, चिघळलेल्या जखमेला,
तोंड आलं तर मधातून, चिमटीहून कमी.
किती जण बरे झाले, किती नुसते भाजले,
याची वही कुणी ठेवलेली नाही.

आत्याच्या पापण्या आता आत वळल्यात.
दोन-तीन आठवड्यांनी मी चिमट्याने
बुबुळाला टोचणारे केस उपटते.
असंच एकदा तिने पानाच्या डब्यातून पुरचुंडी काढली.
कंपाउंडरने शेवटच्या मंगळवारी दिलेला तुकडा,
पासष्ट वर्षांचा, वरून पिठासारखा पांढरा.
"बग गो, आजून लागतं का."

साहेब जेवायला गेल्यावर मी त्याचा कोपरा मोडून घेतला.
आयोडाइड घातलं, उकळलेल्या चहाचा रंग.
ब्युरेट. थेंब, थेंब.
स्टार्च, गडद.
मग एकाच थेंबात साय.
उत्तर आलं एकशे दोन टक्के.
चूक नव्हती. आतलं पाणी उडालं की असंच होतं,
मागे उरलेलं तांबं वजनाला जास्त भरतं.
हात धुताना उरलेल्या पुडीवर शिंतोडा उडाला,
तेवढाच ठिपका निळा झाला.

रजिस्टरात नोंद केली नाही.
नमुना कुणाचा, या रकान्यात काय लिहिणार?

संध्याकाळी तिला आकडा सांगितला.
आत्याने पुरचुंडी बांधली, गाठ दोनदा मारली.
"मंग आता जास्तच झोंबंल," म्हणाली,
आणि उजेडाकडे तोंड करून बसली,
चिमटा माझ्याकडे सरकवून.